संत याकोबाची वाट आणि यात्रेचा ऋतू

प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात संत याकोबाच्या हौतात्म्याची नोंद अवघ्या एका वाक्यात आली आहे. हेरोद राजाने योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने ठार केले, एवढेच तेथे सांगितले आहे. पाठोपाठ पेत्राच्या अटकेचा प्रसंग येतो आणि ते बेखमीर भाकरीचे दिवस होते, असा खुलासा होतो. म्हणजे तो वल्हांडणाचा, मार्च-एप्रिलचा सुमार. मग आपल्या धार्मिक दिनदर्शिकेत या प्रेषिताचा सण २५ जुलैला कसा आला?

हा प्रश्न मध्ययुगातील भाविकांनाही पडला होता. तेराव्या शतकातील डॉमिनिकन धर्मगुरू याकोबुस दे व्होराजिने यांनी आपल्या ‘सुवर्ण आख्यायिका’ या संतचरित्रसंग्रहात त्याचे उत्तर दिले आहे. परंपरेनुसार याकोबाचा शिरच्छेद २५ मार्चला झाला. त्याचा देह २५ जुलैला कोम्पोस्तेलाला आणला गेला. कबरीचे बांधकाम रेंगाळल्याने दफन मात्र ३० डिसेंबरला झाले. या तिन्ही तारखांपैकी अधिक सोयीचा काळ म्हणून ख्रिस्तसभेने २५ जुलै हा दिवस सणासाठी ठरवला, असे ते लिहितात. या तारखा इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकतात, हा प्रश्न वेगळा. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते ‘सोयीचा काळ’ हे कारण. मार्चची २५ तारीख बहुधा उपवासकाळात येते आणि त्याच दिवशी गाब्रिएल दूताने मरियेला दिलेल्या संदेशाचा सण असतो. डिसेंबरची ३० तारीख ऐन हिवाळ्यातली. उरला जुलै, तेव्हा दिवस मोठे असतात आणि घाट मोकळे असतात.

इंग्लंडमध्येही असेच घडले. कँटरबरीचे आर्चबिशप संत थॉमस बेकेट यांचा वध २९ डिसेंबर ११७० रोजी झाला. पुढे १२२० साली त्यांचे अवशेष नव्या समाधीत हलवण्यासाठी ७ जुलै हा दिवस निवडण्यात आला आणि तोही कँटरबरीच्या यात्रेचा मोठा दिवस ठरला.

तेव्हा यात्रेसाठी चांगला ऋतू शोधणे म्हणजे भक्तीत काही उणे आहे, असे मानण्याचे कारण नाही. ख्रिस्तसभेनेच भाविकाच्या पायांची काळजी घेतलेली दिसते. परंतु ऋतू निवडण्याची मुभा प्रत्येक यात्रेकरूला कधीच नव्हती. ज्यांना ती नव्हती, त्यांच्यासाठी वाटेवर कोण उभे राहिले, हा या यात्रेच्या इतिहासाचा खरा गाभा आहे.

एक वाट, तीन हवामाने

स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातील सान्तियागो दे कोम्पोस्तेला या नगरात संत याकोबाची कबर आहे, अशी श्रद्धा आहे. नवव्या शतकाच्या पूर्वार्धात इरियाचे बिशप थेओदोमिर यांच्या काळात ही कबर सापडल्याचे परंपरा सांगते. तेथे जाणाऱ्या अनेक वाटांपैकी सर्वांत प्रसिद्ध वाट फ्रान्सच्या सीमेवरून निघते. सां-झां-प्ये-द-पोर या गावापासून कोम्पोस्तेलापर्यंत ती सुमारे ७८० किलोमीटर भरते. धडधाकट माणसालाही पाच आठवडे लागतात.

या एका वाटेवर तीन निरनिराळी हवामाने भेटतात. पहिल्याच दिवशी पिरेनीज पर्वत ओलांडावा लागतो. तेथे वसंतातही हिमवर्षाव होऊ शकतो आणि धुके तर कोणत्याही महिन्यात उतरते. मग बुर्गोसपासून लेओनच्या पुढेपर्यंत मेसेता नावाचे उंच पठार लागते. मैलोन्‌मैल गव्हाची शेते आणि सावलीला झाड नाही, अशी ही भूमी जुलै-ऑगस्टमध्ये तापते आणि जानेवारीत बोचऱ्या वाऱ्याने गारठते. शेवटी गॅलिसियाचा हिरवा, डोंगराळ प्रदेश येतो. अटलांटिक महासागरावरून येणारे ढग येथे रिते होतात. कोकणच्या माणसाला हा ओला हिरवेपणा ओळखीचा वाटेल. फरक इतकाच, की आपला पाऊस जून ते सप्टेंबर पडतो, तर तेथील जोर शरद आणि हिवाळ्यात असतो.

अशा वाटेवर सर्वार्थाने उत्तम असा महिना सापडणे कठीण. पर्वताला अनुकूल असलेला उन्हाळा पठारावर छळतो. पठारावरचा उन्हाचा ताप संपेपर्यंत गॅलिसियात पाऊस सुरू होतो. म्हणूनच जुन्या यात्रेकरूला ऋतू निवडताना तीन प्रदेशांचा एकत्र हिशेब मांडावा लागे.

जानेवारीतला बिशप आणि माशांचा इशारा

पिरेनीजपलीकडून आलेल्या आणि नावानिशी माहीत असलेल्या अगदी सुरुवातीच्या यात्रेकरूंमध्ये फ्रान्समधील ल प्युईचे बिशप गोदेस्काल्क यांची गणना होते. ते ९५० साली निघाले. वाटेत आल्बेल्दाच्या मठात गोमेसानो नावाच्या भिक्षूने त्यांच्यासाठी एका ग्रंथाची नक्कल केली. पवित्र मरियेच्या कौमार्याविषयी संत इल्देफोन्सस यांनी लिहिलेला तो ग्रंथ. ही नक्कल बिशपांनी हिवाळ्यात, ९५१ च्या जानेवारीत आपल्या देशी नेली, असे त्या भिक्षूने लिहून ठेवले आहे. म्हणजे या वाटेवरच्या सर्वांत जुन्या साक्षींपैकी एक ऐन थंडीतली आहे. बिशपांबरोबर मोठा लवाजमा होता, हे खरे. पण बर्फ लवाजमा पाहून वितळत नाही.

बाराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास सिद्ध झालेल्या ‘कोदेक्स कालिक्स्तिनुस’ या हस्तलिखिताचा पाचवा भाग म्हणजे या यात्रेची पहिली मार्गदर्शिका होय. फ्रान्सच्या प्वातू भागातील एमेरिक पिको या धर्मगुरूकडे तिचे लेखकत्व दिले जाते. कोणत्या नदीचे पाणी प्यावे, कोणते टाळावे, कोठे नावाडी लुबाडतात, हे सारे त्यात आहे. ऋतूविषयीचा एक स्पष्ट इशाराही आहे. बोर्दोच्या दक्षिणेकडील लांद नावाचा वालुकामय, दलदलीचा प्रदेश ओलांडायला तीन दिवस लागतात. उन्हाळ्यात तेथून जाल, तर मोठाल्या माशांपासून तोंड सांभाळा आणि पाय नीट पाहून टाका, नाहीतर वाळूत गुडघ्यापर्यंत रुताल, असे लेखक बजावतो. उन्हाळा ‘सोयीचा’ होता तो असा!

उन्हाळ्याची याहून दारुण बाजू सतराव्या शतकात बोलोन्याचे धर्मगुरू दोमेनिको लाफी यांनी नोंदवली आहे. मेसेताच्या पठारावर त्या वेळी टोळधाड आली होती. वाटेच्या कडेला एक फ्रेंच यात्रेकरू मरणपंथाला लागलेला त्यांना आढळला. त्याचे अंग टोळांनी झाकून गेले होते. लाफींनी त्याचे पापनिवेदन ऐकले आणि थोड्याच वेळात त्याने प्राण सोडला. या माणसासाठीच देवाने आपल्याला तेथे पाठवले असावे, असे लाफींना वाटले.

ज्यांना ऋतू निवडता आला नाही

मध्ययुगातील यात्रेकरू सगळेच स्वेच्छेने निघालेले नसत. चौदाव्या-पंधराव्या शतकांत फ्लँडर्समधील नगरांची न्यायालये गुन्हेगाराला शिक्षा म्हणून कोम्पोस्तेलाची यात्रा फर्मावत. ठरलेल्या मुदतीत निघायचे आणि पोहोचल्याचा दाखला घेऊनच परतायचे, असा दंडक असे. त्यात थंडी-पावसाचा विचार नव्हता. कोणी दुखण्यातून उठून नवस फेडायला निघे, तर कोणी मृत नातलगाच्या इच्छापत्राप्रमाणे त्याच्या वतीने चालत जाई.

शेतकऱ्याची अडचण आणखी वेगळी. २५ जुलै हा सण स्पेनच्या पठारावर नेमका गव्हाच्या कापणीच्या दिवसांत येतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षांची तोडणी असते. पायांना जो ऋतू सोयीचा, तोच शेताला हात हवे असण्याचा. ज्याच्या घरी दुसरा कर्ता माणूस नसे, त्याला पेरणी आणि कापणी यांच्या मधली फट शोधावी लागे. दूर जर्मनीतून येणाऱ्याला तर तीही नव्हती. जाणे-येणे मिळून कित्येक महिने लागत. त्यामुळे कोठेतरी, जाताना किंवा परतताना, वाईट ऋतू गाठणारच.

समुद्रमार्गे येणारे इंग्रज यात्रेकरूही वाऱ्याचे आणि राजाचे बांधील होते. १४१७ साली मार्जरी केम्प या इंग्रज स्त्रीला ब्रिस्टल बंदरात सहा आठवडे ताटकळावे लागले, कारण राजाने आपल्या मोहिमेसाठी जहाजे ताब्यात घेतली होती. शेवटी जहाज मिळाले तेव्हा प्रवास सात दिवसांत झाला. तिची खरी यात्रा समुद्रापेक्षा धक्क्यावरच अधिक झाली, असे म्हणायला हरकत नाही.

याला जोड मिळाली ती पवित्र वर्षाची. २५ जुलै रविवारी येतो ते वर्ष कोम्पोस्तेलात पवित्र वर्ष म्हणून पाळले जाते आणि यात्रेकरूला पूर्ण दंडमाफीचा लाभ होतो. पंधराव्या शतकापासून या प्रथेचे भक्कम पुरावे मिळतात. लीप वर्षांमुळे ही वर्षे सहा, पाच, सहा आणि अकरा अशा अंतराने येतात : १९९३, १९९९, २००४, २०१०, २०२१. यातील शेवटचे वर्ष महामारीमुळे पोप फ्रान्सिस यांनी २०२२ अखेरपर्यंत वाढवले. त्यानंतरचे २०२७ चे. पवित्र वर्षाच्या पूर्वसंध्येला, ३१ डिसेंबरला, कथीड्रलचे पवित्र द्वार उघडले जाते. म्हणजे कृपेचे दार उघडते ते ऐन हिवाळ्यात, आणि वर्षभर उघडे राहते.

घाटमाथ्यावरची घंटा

एमेरिक पिकोच्या मार्गदर्शिकेत जगातील तीन धर्मशाळांना गरिबांसाठी देवाने उभारलेले तीन स्तंभ म्हटले आहे. पहिली येरुशलेमची, दुसरी आल्प्समधील ग्रेट सेंट बर्नार्ड घाटावरची, तिसरी पिरेनीजमधील सोम्पोर्त घाटावरची सान्ता क्रिस्तिना. तिघींपैकी दोन बर्फाच्या घाटांत आहेत, हा योगायोग नव्हे. जेथे ऋतू माणसाला मारतो, तेथेच धर्मशाळा बांधायची, हे त्या काळच्या ख्रिस्ती दयाधर्माचे साधे गणित होते.

रोन्सेसवायेसची कथा तीच सांगते. पाम्पलोनाचे बिशप सांचो दे लारोसा यांनी ११२७ ते ११३२ च्या सुमारास तेथे धर्मशाळा स्थापन केली. हजारो यात्रेकरू या घाटात हिमवादळात गुदमरून किंवा लांडग्यांच्या तोंडी सापडून मेले, म्हणून हे घर बांधत आहोत, असे कारण स्थापनेच्या लेखात दिले आहे. माथ्यावरील इबान्येताच्या मठात धुक्यात आणि रात्री घंटा वाजवली जाई. वाट दिसेनाशी झालेला यात्रेकरू त्या नादाच्या रोखाने चालत येई. जे पोहोचले पण वाचले नाहीत, त्यांच्यासाठी खाली पवित्र आत्म्याच्या नावाचे एक छोटे चॅपल आहे. त्याच्या तळघरात त्यांच्या अस्थी ठेवल्या जात.

वाटेवरच्या इतर घाटांतही हेच दिसते. फोन्सेबादोनच्या उजाड माथ्यावर गाउसेल्मो नावाच्या एकांतवासी साधूने बाराव्या शतकाच्या आरंभी निवारा चालवला. त्यापुढच्या एल आसेबो गावच्या लोकांना राजाने करमाफी दिली होती. मोबदल्यात त्यांनी वाटेवर उंच खुंट रोवायचे, म्हणजे बर्फाखाली रस्ता बुजला तरी यात्रेकरूला दिशा कळेल. संत डोमिनिक दे ला काल्सादा (मृत्यू ११०९) आणि त्यांचे शिष्य संत हुआन दे ओर्तेगा (मृत्यू ११६३) यांनी आयुष्यभर रस्ते आणि पूल बांधले. वसंतातल्या पुराने फुगलेल्या नदीवर पूल झाला, की एक अख्खा ऋतू यात्रेला मोकळा होतो. या संतांनी ऋतू बदलले नाहीत. माणसाला त्यातून पार जाता येईल, असे केले.

ओ सेब्रेइरोचा शेतकरी

गॅलिसियाच्या वेशीवर सुमारे १३०० मीटर उंचीवर ओ सेब्रेइरो हे वस्तीवजा गाव आहे. अकराव्या शतकापासून तेथे भिक्षूंची धर्मशाळा होती. तेथील चर्चशी निगडित असलेली, सन १३०० च्या सुमाराची मानली जाणारी कथा स्पेनमध्ये घरोघर ठाऊक आहे. हिमवादळाच्या एका दिवशी खालच्या खेड्यातला एक शेतकरी मिस्सासाठी डोंगर चढून वर आला. मिस्सा अर्पण करणाऱ्या धर्मगुरूचा विश्वास थंडावला होता. एवढ्याशा भाकरीसाठी आणि द्राक्षारसासाठी हा वेडा अशा हवेत आला, असे त्याने मनात म्हटले. त्याच क्षणी वेदीवरची भाकर मांस आणि द्राक्षारस रक्त झाला, असे कथा सांगते. तो प्याला आणि तबक आजही त्या चर्चमध्ये जपून ठेवले आहेत.

यात्रेच्या इतिहासात या कथेचे स्थान मोठे आहे. चांगल्या ऋतूची वाट पाहावी, हा शहाणपणा होय. पण ज्याला तेवढी सवड नाही त्याची चेष्टा करू नये, हे ही कथा शिकवते. त्या धर्मगुरूची चूक एवढीच, की बर्फातून आलेल्याला त्याने मूर्ख ठरवले.

त्याच चर्चमध्ये विसाव्या शतकात एक वेगळा धर्मगुरू झाला. एलियास वालिन्या (१९२९–१९८९) यांनी विस्मृतीत गेलेल्या या वाटेचा अभ्यास केला आणि १९८४ साली पिवळा रंग घेऊन दगडांवर, झाडांवर, भिंतींवर बाण रंगवले. एल आसेबोच्या खुंटांचाच हा नवा अवतार. १९८२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे कोम्पोस्तेलाला आले. १९८९ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या उपस्थितीत जागतिक युवा दिन तेथे भरला. यात्रा पुन्हा जिवंत झाली. यात्रापूर्तीचा दाखला १९८५ मध्ये ६९० जणांनी घेतला होता. १९९३ च्या पवित्र वर्षात ९९ हजारांहून अधिक जणांनी. आणि २०२४ मध्ये ही संख्या पाच लाखांच्या उंबरठ्यावर पोहोचली.

आजचा हिशेब

मग आज कोणी विचारले, की कोणत्या महिन्यात निघावे, तर उत्तर काय? एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत आणि सप्टेंबरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, हे दोन कालखंड सामान्यतः उत्तम. वसंतात पठारावरचे गहू हिरवे असतात आणि त्यात लाल खसखशीची फुले डोलतात. शरदात द्राक्षमळे पिकलेले असतात. जुलै-ऑगस्टमध्ये जायचेच असेल, तर उजाडण्यापूर्वी चालायला लागून दुपारआधी मुक्काम गाठावा. १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात पिरेनीजवरचा उंच मार्ग नावारा सरकारच्या आदेशाने बंद असतो आणि दरीतल्या वाल्कार्लोसच्या रस्त्याने जावे लागते. हिवाळ्यात अनेक धर्मशाळांची दारेही बंद असतात.

वर्षातले दोन दिवस मात्र वाटेवरच्या एका चर्चने स्वतःच निवडून ठेवले आहेत. संत हुआन दे ओर्तेगाच्या चर्चमध्ये एका स्तंभशीर्षावर मरियेला मिळालेल्या देवदूताच्या संदेशाचे शिल्प आहे. मार्च आणि सप्टेंबरमध्ये, दिवस आणि रात्र समान होतात त्या सुमारास, मावळतीचा एक किरण खिडकीतून आत येतो आणि काही मिनिटे त्या शिल्पावर स्थिरावतो.

एका संताचे दोन ऋतू

या वाटेशी आपले एक जिव्हाळ्याचे नाते आहे. पिरेनीजच्या पायथ्याचा नावारा हा प्रांत संत फ्रान्सिस झेवियर यांची जन्मभूमी होय. त्यांचा सण ३ डिसेंबरला येतो. गोव्यात तेव्हा पावसाळा सरलेला, भात घरात आलेले आणि हवा सुखद असते. सिंधुदुर्ग, बेळगाव, कारवार या भागांतून भाविक पायी जुन्या गोव्याला येतात. पण नावारात डिसेंबर कडाक्याचा. म्हणून तेथील लोक मार्चमध्ये, ४ ते १२ या नोव्हेनाच्या दिवसांच्या सुमारास, पाम्पलोनाहून सुमारे ५० किलोमीटर चालत त्यांच्या जन्मगावी, हाविएरला, जातात. १२ मार्च १६२२ रोजी झेवियर यांना संतपद जाहीर झाले होते. कॉलऱ्याच्या साथीतून वाचल्याच्या कृतज्ञतेने १८८६ च्या मार्चमध्ये नावारावासीयांनी काढलेल्या यात्रेतून ही परंपरा आली. संत एकच, गोव्याने त्यांना डिसेंबर दिला, नावाराने मार्च.

खुद्द झेवियर यांना मात्र ऋतूने साथ दिली नव्हती. ७ एप्रिल १५४१ रोजी ते लिस्बनहून ज्या जहाजातून निघाले, त्याचे नाव ‘सान्तियागो’, म्हणजे संत याकोब. गिनीच्या किनाऱ्यालगत वारा पडला, दिवस वाया गेले आणि भारताकडे नेणारे मोसमी वारे हुकले. मोझांबिकला सुमारे सहा महिने अडकून पडावे लागले. तो काळ त्यांनी तेथील रुग्णालयात, तापाने फणफणलेल्या खलाशांची आणि प्रवाशांची शुश्रूषा करण्यात घालवला. ६ मे १५४२ रोजी ते गोव्याला पोहोचले.

रोन्सेसवायेसच्या घंटेने, एल आसेबोच्या खुंटांनी जे केले, तेच झेवियर यांनी मोझांबिकच्या त्या खोळंब्यात केले. आपल्याला महिना निवडता येतो, ही देवाची कृपा समजावी आणि चांगला महिना निवडून निघावे. पण प्रत्येक धर्मग्रामात असा कोणीतरी असतोच, ज्याच्या वाट्याला ऐन हिवाळा आला आहे. त्याच्यासाठी दार उघडे ठेवणे, हाही यात्रेचाच भाग होय.